लाभाचा मणी

"तुमीच का त्या डब्यातल्या बाई?"

दार उघडल्यावर तिने पहिला प्रश्न हा विचारला. साठीची असेल. काटक, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली. खोळीच्या टोकावरून पाणी माझ्या उंबऱ्यावर ठिबकत होतं. भाद्रपद संपत आला होता, तरी पाऊस नऊ दिवस लागून राहिला होता.

"कसला डबा?" मी विचारलं.

"डोंगर ऐकायचा. बटन दाबलं की पडद्यावर पयलं तुमचं नाव येतं. शालन दिघे, वाई. मंग बाकीचं. म्हून वाईला उतरले, पोस्टात इचारलं. त्यांनी बोट दाखवलं."

मी तिला आत घेतलं आणि कोरडा पंचा दिला. चहा ठेवला. बावीस वर्षांपूर्वी मी ते नाव तिथे घातलं होतं. आमच्या काळी रीतच होती. ड्रायव्हर लिहिला की लिहिणाऱ्याने आपलं नाव आणि पत्ता त्यात घालायचा. म्हणजे उद्या काही बिघडलं तर कोणाचं दार वाजवायचं ते कळावं. बावीस वर्षांत कोणी वाजवलं नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता.

ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी पुण्याच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या नेमणुका करते. यंत्राचा जो गाभा असतो, त्याला आम्ही कर्नेल म्हणतो. सगळं काम तो चालवतो, पण बाहेरच्या वस्तूंची भाषा त्याला येत नाही. वस्तू आणि गाभा यांच्यामध्ये बसलेला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. मी आयुष्यभर दुभाषे लिहिले. छपाई यंत्रांचे लिहिले, दवाखान्यातल्या यंत्रांचे लिहिले, आणि छपन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या तोंडावर, हा डोंगराचा लिहिला. तो हाताने लिहिलेला जवळजवळ शेवटचाच. त्यानंतर कोड यंत्रंच लिहू लागली, आणि तो बरोबर आहे की नाही हे तपासायलाही यंत्रच आलं. त्याला सगळे परीक्षक म्हणतात. परीक्षकाने माझा ड्रायव्हर तपासला आणि निर्दोष ठरवला. तेव्हापासून तो विद्यार्थ्यांना शिकवतात, जुनी हातमागाची साडी दाखवावी तसा.

"काय झालं डब्याला?" मी विचारलं.

"उलटा चालतोय." तिने चहा बशीत ओतला. "मी कोंडाबाई ढेबे. धारखिंडीची. माळेची राखणदार मीच. पयल्या वर्षी डोंगर गप होता, तवा ह्यो भोंगा वाजायचा. शेळ्या वरनं गेल्या की वाजला, बैल लोळला की वाजला. लोकं हसून बेजार. आता ह्या पंधरवड्यात डोंगर बोलतोय, आन् ह्यो गप."

"डोंगर बोलतोय म्हणजे?"

"पाणवठ्याचं पानी गढूळ झालंय. माझ्या मागच्या भितीला भेग गेली, परवा बोट जात होतं, काल हात गेला. अन् डबा म्हणतोय, शांत."

"कोंडाबाई, तो ड्रायव्हर बावीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही," मी म्हणाले.

"असंल," ती म्हणाली. "माझा दीर बी म्हणायचा, मी कदी पडलो न्हाई. झाडावर चढलाच न्हवता कदी."

*

मी प्रणोतीला फोन लावला. प्रणोती माझी एकुलती एक मुलगी. डोंगर ऐकण्याचं सगळं खातं आता तिच्याकडे आहे. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून ती कागदाच्या पट्ट्या कापायची. आता तिच्या एका सहीने चारशे गावांचे भोंगे चालू होतात.

"धारखिंड?" ती समोरच्या पडद्यावर पाहत असावी. "आई, चोवीसच्या चोवीस मणी व्यवस्थित बोलतायत. सगळ्यात मोठा आकडा तीनशे चाळीस. इशारा चारशेला. जास्त आहे, पण मर्यादेत आहे. त्या बाई तुझ्याकडे कशा पोचल्या?"

"माझं नाव वाचून."

"त्या इथे तीनदा येऊन गेल्या. परीक्षकाने तीनदा तपासलं. आई, तुझाच कोड आहे तो. तुला खात्री नाही?"

मला खात्री होती. म्हणूनच मी पिशवी भरली. गुडघ्याचा पट्टा, दोन साड्या आणि माझा जुना लॅपटॉप. आपलं नाव वाचून कोणी इतक्या लांब आलं, तर निदान जाऊन तरी यावं.

डोंगर ऐकतात म्हणजे काय, ते इथे सांगते. डोंगर एकदम कोसळत नाही. आधी तो आतल्या आत सरकतो, दिवसाला केसभर. सरकताना मातीचे कण एकमेकांवर घासतात, मुळं तुटतात, खडकाच्या फटी रुंदावतात. त्या सगळ्याचा आवाज होतो, पण तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. म्हणून उतारावर एक खोल भोक पाडतात आणि त्यात सुपारीएवढे चोवीस कान एकाखाली एक सोडतात, प्रत्येक मीटरला एक. लोकांनी त्यांना मणी नाव दिलं आणि सगळ्याला माळ. मातीची अशी कुरकुर मिनिटाला किती वेळा होते, ते प्रत्येक मणी मोजतो. कोणताही एक मणी सलग दहा मिनिटं चारशेच्या वर गेला की भोंगा वाजतो. त्याच क्षणी तालुक्याहून गाड्या आपोआप निघतात आणि खालच्या गावातली शाळा उघडते.

मण्यांचे आकडे घेऊन ते एका रांगेत मांडायचे, एवढंच माझ्या ड्रायव्हरचं काम. ही रांग समजायला माझ्या वडिलांचं पोस्ट डोळ्यापुढे आणावं लागेल. ते वाईच्या पोस्टात पत्रं लावायचे. भिंतीला लाकडी खणांची मांडणी होती, एकेका गल्लीचा एक खण. वडील न बघता पत्र फेकायचे आणि ते बरोबर खणात पडायचं. मांडणी संपली की लगेच पोस्टमास्तरांचं टेबल. शेवटच्या खणाच्या पुढे हात गेला की पत्र मास्तरांच्या कागदांवर जाऊन पडे. मास्तर निदान ओरडायचे तरी. आमच्या त्या जुन्या भाषेत कोणी ओरडत नाही. चोवीस खणांच्या रांगेत तुम्ही पंचविसावं पत्र टाकलंत, तर ते शेजारच्या जागेवर पडतं आणि तिथे जे लिहिलेलं असेल ते पुसलं जातं. आणि हे सगळं गाभ्यात घडतं, जिथे तपासायला वर कोणीच नसतं.

*

धारखिंडीत सदतीस घरं. सगळी उतारावर, पायऱ्या मांडाव्यात तशी. कोंडाबाईच्या भिंतीतली भेग मी पाहिली. माझाही हात आत गेला. भेगेतून गार वारा येत होता.

"मग लोक जात का नाहीत?"

"डबा शांत म्हणतोय. पयल्या वर्षी सातदा पळवलं त्येनं आमाला. आता मी सांगाय गेले की म्हणत्यात, कोंडे, तुला शेळी दिसली का?"

डबा तिच्या ओट्यावर होता. मी बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत माझं नाव आलं. शालन दिघे, वाई. वाचायला बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू?

लॅपटॉप जोडून मी सगळे आकडे वाचले. चोवीस मणी, चोवीस आकडे, सगळ्यात मोठा तीनशे चाळीस. मग सहज म्हणून इशाऱ्याची पातळी पाहिली. तिथे चारशे असायला हवं होतं. तिथे होतं एक हजार तीनशे सत्तर.

मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. एक हजार तीनशे ब्याण्णव. मग एक हजार चारशे बारा.

जी पातळी मी दगडावरच्या रेघेसारखी कायमची लिहिली होती, ती हलत होती. चौदाशेच्या वर कोणी गेलं तरच भोंगा वाजणार, आणि ती चौदाशेही वर चढत होती. मी डबा बंद करून चालू केला. चारशे. एका मिनिटात पुन्हा चौदाशे. म्हणजे कोणीतरी येऊन त्या जागेवर लिहून जात होतं.

दमट हवेने आतला भाग बिघडला असेल म्हणून मी डबा उघडला. तो कोरडा ठणठणीत होता. मण्यांची नोंद तपासली, तीही चोवीसची.

"माळेत मणी किती सोडले?"

"चोवीस," कोंडाबाई म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या हातानं सोडलेत. मोजून."

ती खोटं बोलत नव्हती हे मला दिसत होतं. मी दुसरीकडे शोधत बसले, दोन तास. माझा स्वतःचा कोड मी ओळीओळीने वाचला आणि दर ओळीला वाटत राहिलं, किती नीट लिहिलंय.

समोर पडवीत कोंडाबाई नाचणी मापत होती. डब्याने सांगो न सांगो, तिची जायची तयारी झाली होती. कणगीतली नाचणी पायलीने पोत्यात भरत होती आणि तोंडाने मोजत होती. माझं लक्ष अर्धंच होतं.

"लाभ," ती म्हणाली आणि पहिली पायली वेगळ्या टोपलीत ओतली. मग पोत्यात, "एक." मग, "दोन."

माझी बोटं थांबली.

"कोंडाबाई, ती पहिली मोजली नाहीत तुम्ही."

"पयली डोंगराची. तिला लाभ म्हणायचं. ती मोजायची न्हाई, ती द्यायची. आमच्यात सगळ्याचं असंच."

"माळ सोडताना?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "सगळ्याचंच की. पयला मणी डोंगराचा. मंग एक, दोन, करत चोवीस."

"पण पेटीत मणी चोवीसच..." आणि मला आठवलं. पेटीत पंचवीस येतात. एक राखीव असतो, बिघडला तर बदलायला. "राखीव मणी कुठे आहे?"

"त्योच तर डोंगराला दिला. भोक बी दोन हात जास्त पाडून घेतलं त्याच्यासाठी. सगळ्यात खाली हाय त्यो."

मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं मला चक्कर आली. ती पाणी आणायला उठली, पण मला हसू येत होतं आणि रडूही. चाळीस वर्षं मी नव्या पोरापोरींना हेच शिकवत आले. पहिल्या खणाचा क्रमांक एक नव्हे, शून्य. मोजणी शून्यापासून. पहिल्या दिवशी सगळे चुकतात. आणि ही बाई बालपणापासून तशीच मोजत होती. लाभ, एक, दोन, तीन. लाभ ते चोवीस म्हणजे पंचवीस मणी.

डबा मात्र वरून मोजतो. सगळ्यात वरचा शून्य, आणि सगळ्यात खालचा, लाभाचा, तो चोवीस. चोवीस खणांच्या रांगेत क्रमांक शून्य ते तेवीस. चोवीस क्रमांकाला खणच नाही.

पण मी तर त्यासाठी पहारेकरी बसवला होता. मी ती ओळ काढली. बावीस वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं: क्रमांक चोवीसपेक्षा मोठा असेल तर नाकार. चोवीसपेक्षा मोठा. म्हणजे पंचवीस नाकारला जाईल, सव्वीस नाकारला जाईल. खुद्द चोवीस मात्र ऐटीत आत येईल, शेवटच्या खणाच्या पुढे जाईल आणि शेजारच्या जागेवर आपला आकडा लिहील. शेजारी मी काय ठेवलं होतं? इशाऱ्याची पातळी.

आमचे नाडगौडा सर म्हणायचे, "शालन, मधे कोणी पडत नाही. लोक कडेला पडतात. कडेला बघ." एकोणीसशे सत्त्याण्णव साली, पुण्याला, बूट बाहेर काढून जायच्या त्या थंडगार खोलीत, मी हे त्यांच्या तोंडून रोज ऐकलं होतं.

आता सगळं जुळलं. खालचा मणी गप्प असताना पातळी त्याच्याइतकी खाली यायची, मग शेळी चालली तरी भोंगा. खालचा मणी ओरडू लागला की पातळी त्याच्याबरोबर वर. डोंगर जितका मोठ्याने बोलेल तितका डबा बहिरा. कोंडाबाईने माझ्या स्वयंपाकघरात हेच शब्दाशब्दाने सांगितलं होतं.

आणि चौदाशे ही पातळी नव्हतीच. तो लाभाच्या मण्याचा आवाज होता.

*

"आई, तू तिथे गेलीस? या पावसात? त्या गुडघ्यांनी?" प्रणोती म्हणाली.

फोनचा आवाज मोठा करून मी तिला सगळं सांगितलं. ती एकेक गोष्ट लिहून घेत गेली. ती तशीच आहे, लहानपणापासून.

"बरं," ती म्हणाली. "तुझी ओळ दुरुस्त करू. चोवीस किंवा मोठा असेल तर नाकार. एका अक्षराचं काम. पातळी पुन्हा चारशे होईल."

"आणि भोंगा?"

तिलाही दिसलं होतं. खालचा मणी नाकारला की उरतात वरचे चोवीस, आणि त्यांच्यातला सगळ्यात मोठा आकडा तीनशे चाळीस. भोंगा वाजणार नाही. डोंगर जिथून सुटत होता तिथे फक्त तो एकच कान पोचला होता.

"म्हणून दुसरी ओळही बदलायची," मी म्हणाले. "रांग चोवीसची ठेवायचीच नाही. माळेत जितके मणी असतील तितके खण. माळेलाच विचारायचं."

"परीक्षक नाही म्हणतोय." तिने वाचून दाखवलं. "नियमपुस्तिकेनुसार मणी चोवीस. पंचविसावा मणी अस्तित्वात नाही."

"अस्तित्वात नसलेला मणी मिनिटाला चौदाशे वेळा ओरडतोय, त्याला सांग. म्हणून तर बावीस वर्षं त्याला माझी चूक दिसली नाही. पुस्तिका खरी धरली की माझी ओळ बरोबरच आहे."

"आई, त्याची मोहोर नसेल तर बदल माझ्या एकटीच्या जबाबदारीवर जाईल. चारशे गावांच्या डब्यांत. काही बिघडलं तर..." तिने श्वास घेतला. "आणखी एक. अहवालात काय लिहायचं? राखीव मणी वापरू नये असं पुस्तिकेत स्पष्ट आहे. चूक गावाची धरता येईल. मग तुझ्या कोडला कोणी हात लावणार नाही. तुझं नाव कुठेच येणार नाही."

"आणि कोंडाबाईंचं काम?"

"नियमाने जाईल."

कोंडाबाई माझ्या खांद्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे वाकली आणि फोनकडे पाहून म्हणाली, "लिवा माझी चूक. पर भोंगा वाजवा. आन् पल्याड खडकवाडीचं, पारघळीचं बी बघा. तिथल्या माळा बी मीच सोडायला शिकवल्यात."

मी फोन जवळ ओढला.

"प्रणोती," मी म्हणाले, "दुभाष्याचं काम काय? समोरचा बोलेल ते नीट ऐकून पुढे सांगायचं. तो पुस्तकाबाहेरचं बोलला म्हणून त्याचं बोलणं मालकाच्या हुकमावर खरडून ठेवायचं नाही. त्यांनी एक मणी जास्त सोडला, ही त्यांची रीत. तो कुठे लिहायचा ते मला कळलं नाही, ही माझी चूक. तसंच लिही. आणि पुढच्या मांडणीत मोजणी खालून सुरू कर. सगळ्यात खालचा शून्य."

"का?"

"लाभ तिथून सुरू होतो."

ती थोडं हसली, मला ऐकू आलं. "पाठव दोन्ही ओळी," ती म्हणाली.

मी तिथेच, नाचणीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून, दोन ओळी लिहिल्या. बोटं वाकडी झाली आहेत, वेळ लागला. प्रत्येक ओळीची कड तीनदा पाहिली. शून्य टाकून पाहिलं, तेवीस टाकून पाहिलं, चोवीस टाकून पाहिलं, पंचवीस टाकून पाहिलं. वर दोन शब्दांत कारण लिहिलं आणि पाठवून दिलं. प्रणोतीने दुसऱ्या टोकाला ते स्वतः वाचलं, एका सुट्या माळेवर चालवून पाहिलं आणि सही केली. तोपर्यंत त्या खात्याच्या इतिहासात परीक्षकाच्या मोहोरेशिवाय एकही बदल गाभ्यात गेला नव्हता. माझ्या मुलीला तो करायला एकोणीस मिनिटं लागली.

डब्याचा पडदा विझला आणि पुन्हा लागला. पंचवीस आकडे आले. सगळ्यात खाली एक हजार पाचशे तीन. पातळी चारशे, हलेना.

दहा मिनिटं आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या होतो. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली आणि भोंगा वाजला.

वरच्या ओटीवरून कोणीतरी ओरडलं, "कोंडे, शेळी गेली व्हय गं?"

"शेळ्या दावणीला हायेत," कोंडाबाई म्हणाली. "तू ऊठ."

ती घराघरांत गेली. माझ्याने चढवेना, म्हणून मी डब्यापाशी थांबले आणि आकडा मोठ्याने वाचत राहिले. सोळाशे. सोळाशे तीस. बाया ते ऐकून पोरं काखेत घेऊन उतरू लागल्या. साडेपाचपर्यंत गाड्यांच्या तीन खेपा झाल्या. खडकवाडीलाही भोंगा वाजल्याचं चालकाने सांगितलं. धारखिंडीची दोनशे तेरा माणसं, गुरं आणि कोंबड्यांच्या पाट्या खालच्या शाळेत पोचल्या. कोंडाबाई शेवटच्या गाडीत होती, मांडीवर लाभाची टोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला धारखिंडीवरचा डोंगर उतरला. आम्ही शाळेच्या मैदानातून पाहिला. आवाज नंतर आला, आधी झाडं चालताना दिसली. मग सदतीस घरांच्या जागी नुसता लाल उतार.

कोणी रडलं नाही लगेच. शिक्षकांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. दोनशे तेरा.

*

चौकशी झाली. प्रणोतीला चार तास उभं केलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले, तिच्या शाळेच्या निकालाच्या दिवशी बसायचे तशी. ती बाहेर आली तेव्हा तिचा पदर खांद्यावर नीट होता. "नियमपुस्तिका बदलतायत," एवढंच म्हणाली. नंतर गाडीत म्हणाली, "त्यांनी विचारलं, आईची चूक आईच्याच नावावर लिहिताना काही वाटलं नाही का. मी म्हटलं, वाटलं. छान वाटलं."

माझा कोड अजूनही शिकवतात. आता त्यात दोन ओळी शेजारी शेजारी छापतात, चुकलेली आणि सुधारलेली, आणि खाली नाडगौडा सरांचं वाक्य. प्राध्यापकांनी परवानगी मागितली होती. पहिल्यापेक्षा मला हे पान जास्त आवडतं.

मार्गशीर्षात धारखिंडीची वस्ती पलीकडच्या पठारावर उभी राहिली. तिथेही मागे एक टेकडी आहे, म्हणून माळ आली. या वेळी कारखान्यातूनच माळ पंचवीस मण्यांची आली, आणि राखीव मणी सव्विसावा. कोंडाबाईने मला बोलावलं.

"आक्का, लाभ तुमी सोडा."

"मी? राखणदार तुम्ही."

"मी चोवीस सोडते की. तुमी एकच तर सोडायचाय. तुमाला मोजायला बी येत न्हाई नीट."

बाया हसल्या. मीही हसले. मी सुपारीएवढा तो मणी हातात घेतला, भोकाच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले, "लाभ." तो अंधारात सरसरत खाली गेला. मग कोंडाबाई एकेक मणी जोडत आणि मोजत गेली.

माळ पुरी झाल्यावर मी तिला डब्याचं बटण दाबायला सांगितलं. हिरवी अक्षरं आली. पहिल्या ओळीत माझं नाव. त्याखाली एक नवी ओळ होती. ती आता चारशे गावांच्या डब्यांत, प्रत्येक वेळी पडदा लागला की येते. मी तिला आधी सांगितलं नव्हतं.

कोंडाबाईने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"चूक दाखवली, कोंडाबाई ढेबे, धारखिंड."

तिने शेवटचा शब्द पुन्हा वाचला. तिच्यामागे बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिने त्यांना दिसावं म्हणून बाजूला सरकून जागा दिली. ज्या गावाचं जुन्या जागी आता एक घरही उभं नव्हतं, त्याचं नाव पडद्यावर होतं.

"चारशे गावांत?" तिने विचारलं.

"रोज."

तिने पदराने पडदा पुसला, त्याच्यावर धूळ नव्हती तरी.

"बरं झालं तुमी पत्ता लिवला होता," ती म्हणाली. "न्हाईतर मी कुणाचं दार वाजवलं असतं?"